कनूचा तळ दरवर्षी पुन्हा का विटतो? साठवण आणि वाहतुकीत हलक्या कनूचे उन्हापासून संरक्षण

हलकी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची, वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती होडी, बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हंगाम सुरू होण्यापूर्वी तळ धुऊन, रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) मारून आणि मेण चढवून चकचकीत केलेला असतो. तरी हंगाम संपता संपता तो पुन्हा निस्तेज होतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, पारदर्शक लेपाखालचे सोनेरी कापड तपकिरी पडते आणि पुढच्या वर्षी हाच खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. दोष मग मेणाला, लेपाला किंवा कनू बनवणाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. कनू पाण्यावर नसते तेव्हा ती कुठे आणि कशी पडून असते, याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो एवढेच.

तो हिशेब सोपा आहे. वर्षात ८,७६० तास असतात आणि त्यांतले ढोबळमानाने निम्मे दिवसाउजेडाचे असतात. एखादा हौशी माणूस वर्षातून ४० दिवस, दर वेळी ५ तास वल्हवतो असे धरले, तर ते २०० तास होतात, म्हणजे उजेडाच्या तासांच्या ५ टक्क्यांहूनही कमी. शिवाय त्या २०० तासांत कनूचा तळ पाण्यात असतो; त्यावर थेट ऊन पडतच नाही. तो आकाशाकडे तोंड करून असतो तो कनू गाडीच्या टपावर किंवा घडवंचीवर उपडी ठेवलेली असताना. म्हणून विटलेला तळ हा वापराचा परिणाम नसतो. तो वाहतुकीचा आणि त्याहून कितीतरी अधिक साठवणीचा परिणाम असतो, आणि जोवर साठवण बदलत नाही तोवर वरून काहीही चोपडले तरी तक्रार परत येणारच.

विटण्याची जागा आधी पाहावी

उपाय शोधण्यापूर्वी कनू उजेडात आणून परिणाम नेमका कोणत्या बाजूला झाला आहे हे पाहावे, कारण ऊन कोणत्या दिशेने लागते ते त्यावरूनच कळते. तळ विटलेला आणि आतली बाजू नव्यासारखी असेल, तर कनू उपडी असताना वरून ऊन लागते आहे. याउलट आतला भाग, बैठका आणि काठपट्टीची (कनूच्या काठावरच्या पट्टीची) वरची बाजू विटली असेल आणि बाहेरचा तळ ठीक असेल, तर ती बराच काळ सुलटी पडून राहते, बहुधा किनाऱ्यावर किंवा धक्क्यापाशी. एकच कूस विटली असेल, तर भिंतीलगतच्या मांडणीत तीच कूस बाहेरच्या अंगाला येते. अशा वेळी दर महिन्याला कनूची टोके उलटसुलट करून ठेवावी असा सल्ला दिला जातो, पण त्याने नुकसान दोन कुशींत वाटले जाते, कमी होत नाही. एका टोकाचा हातभर भागच विटला असेल, तर ते टोक छपराबाहेर डोकावते आहे असे समजावे. साधारण ५ मीटर लांबीची वस्तू पुरती मावेल असे छप्पर क्वचितच असते, त्यामुळे हा प्रकार सर्रास आढळतो.

मूळ रंग कसा होता हे नजरेला आठवत नाही, कारण बदल रोज कणाकणाने होतो. तुलनेसाठी झाकलेली जागा शोधावी. कुशीवर जुना स्टिकर असेल तर त्याची एक कड नखाने उचलून पाहावी: केवलार या सोनेरी कृत्रिम धाग्याच्या कापडाने बनवलेल्या कनूवर स्टिकरखालचा भाग फिकट सोनेरी निघतो आणि त्याला लागूनच, सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेपलीकडे, भोवतालचा भाग गडद तपकिरी दिसतो. या दोन रंगांतला फरक म्हणजे आजवर लागलेले ऊन.

रंगापेक्षा पृष्ठभागाची अवस्था महत्त्वाची असते आणि ती पाहण्यासाठी कनू स्वच्छ धुऊन वाळवावी, म्हणजे धूळ आणि भुकटी यांची गल्लत होणार नाही. त्यानंतर एक काळे सुती फडके ओले करून घट्ट पिळावे आणि उपड्या कनूच्या सर्वांत उंच रेषेवर वीतभर घासावे. फडक्यावर पांढरट किंवा कनूच्याच रंगाची पिठूळ भुकटी आली, तर वरचा थर उन्हाने झिजून सुटू लागला आहे. मग त्याच जागी आणि नंतर काठपट्टीलगतच्या, सावलीत राहणाऱ्या जागी पाण्याचे दोन-दोन थेंब सोडावेत. काठाजवळचा थेंब गोल उभा राहिला आणि वरचा पसरून चपटा झाला, तर लेप खरबरीत आणि सच्छिद्र झाला आहे. शेवटी हाताच्या आतल्या, मऊ बाजूने तळ चाचपावा. बारीक कुसे टोचल्यासारखे किंवा खाज सुटल्यासारखे वाटले, तर रेझिन, म्हणजे कापडाचे धागे बांधून ठेवणारा, सुकून कडक झालेला चिकट द्रव, झिजून धागे उघडे पडले आहेत, आणि मग काम पॉलिशच्या पलीकडे गेले आहे.

काही खुणा मात्र उन्हाच्या खात्यावर मांडू नयेत. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फाकलेल्या बारीक भेगा बहुधा आपटल्याच्या असतात. पारदर्शक लेपावरचे लांबट पांढरे ओरखडे खडकांचे असतात. लेपाखाली पांढरट, कडा पुसट असलेला पट्टा दिसला आणि नाण्याने टिचकी मारल्यावर तिथला आवाज शेजारच्या टणक आवाजाऐवजी बद्द आला, तर थर एकमेकांपासून सुटले आहेत. तिथे सावली करून काही साधणार नाही, आधी दुरुस्ती करावी लागेल.

ऊन नेमके काय बिघडवते

सूर्यप्रकाशातील साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे जमिनीपर्यंत पोहोचतात आणि त्यांतली सुमारे ९५ टक्के ३१५ नॅनोमीटरच्या पुढची असतात. या किरणांत रेझिनमधील आणि प्लॅस्टिकमधील लांब रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि पाऊस किंवा फडके लागले की तो भुकटीच्या रूपाने सुटतो. भुकटी निघून गेली की खालचा ताजा थर उघडा पडतो. वर्षानुवर्षे चालणारी झीज ती हीच.

हलक्या कनूचा प्रश्न अधिक बिकट असतो तो तिच्या हलकेपणामुळेच. साध्या फायबरच्या कनूवर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा जाड लेप, असतो. तो वजन वाढवतो, पण खालच्या कापडाला सावलीही देतो. वजन कमी करताना पहिला बळी या जेलकोटचा जातो. सुमारे ५ मीटर लांबीची दोघांची कनू १८ ते २० किलोंत बसते, कारण तिच्या कापडावर रेझिनच्या एका पातळ, पारदर्शक पापुद्र्याखेरीज काहीच नसते. जेलकोटवर चार वेळा कंपाउंड मारता येते; या पापुद्र्यावर दोनदा जोरात मारले, तर धाग्यापर्यंत पोहोचण्याची भीती असते. म्हणून दरवर्षी कंपाउंडने चकाकी आणण्याची सवय हलक्या कनूच्या बाबतीत मला सरळसरळ घातक वाटते. ऊन जेवढे खाते त्यात आपणही भर घालतो.

केवलार हा धागा १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आला. ताणाला तो विलक्षण मजबूत आहे, पण उन्हाला मात्र नाही. तो साधारण ३०० ते ४५० नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश शोषतो, म्हणजे अतिनील किरणांच्या जोडीला दृश्य प्रकाशातला जांभळा-निळा भागही त्याला लागतो. नेहमी पडणाऱ्या एका कोड्याचे उत्तर यात आहे. अतिनील किरणे अडवणारे उत्तम पारदर्शक व्हार्निश मारूनही केवलार काळवंडतो, कारण जे व्हार्निश डोळ्यांना पारदर्शक आहे ते निळा प्रकाश आत जाऊ देतेच. नुसत्या रंगबदलाने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. बाहेरचे धागे आतल्या धाग्यांना सावली देतात आणि लेप शाबूत असेपर्यंत ताकदीवर होणारा परिणाम वरवरचा राहतो. रंग उतरला तर ती शोभेची बाब आहे. धागा उघडा पडला तर मात्र ती मजबुतीची बाब होते.

कार्बनच्या कनूत धागा उन्हाला दाद देत नाही, पण त्याला धरून ठेवणारे इपॉक्सी (रेझिनचाच एक प्रकार) देते: ते आधी पिवळे पडते आणि मग पिठूळ होते. लाकडी पट्ट्यांच्या कनूवर फायबरग्लास आणि इपॉक्सी असते, तिथेही हाच नियम लागू होतो. व्हार्निशवाचून उघडे इपॉक्सी बाहेर ठेवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय. रॉयलेक्स या अनेक थरांच्या प्लॅस्टिक पत्र्याच्या जुन्या कनूत बाहेरची विनाइलची कातडी आतल्या एबीएस प्लॅस्टिकला झाकते आणि हे एबीएस उन्हात लवकर ठिसूळ होते, म्हणून टोकांना कातडी घासून गेलेल्या जागा रंगाने झाकून घ्याव्यात. त्या पत्र्याचे उत्पादन २०१४च्या सुमारास थांबले असल्यामुळे अशी कनू सांभाळण्याला आता वेगळेच मोल आहे. पॉलिथिलीनच्या कनू जड असतात आणि त्या विटण्यापेक्षा उष्णतेने पोक येण्याची तक्रार अधिक करतात.

सावली म्हणजे काय, हे तपासून घ्यावे

पुष्कळांची खात्री असते की आपली कनू सावलीत आहे. झाडाखालची, भिंतीच्या आडोशाची किंवा छपराच्या कडेची सावली थेट ऊन अडवते, पण अतिनील किरणे हवेत मोठ्या प्रमाणावर विखुरतात आणि मोकळ्या आकाशाकडून सर्व दिशांनी येत राहतात. पातळ ढगांतूनही ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे खाली येऊ शकतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरणे परतवतो, त्यामुळे उपड्या कनूच्या आतही खालून उजेड शिरतो. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीला या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, तेव्हा डोंगरातल्या तळ्याकाठी ठेवलेल्या कनूला अधिक जपावे लागते.

सावली पुरेशी आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. कनूच्या तळाशेजारी डोके नेऊन, डोळे तळाच्या पातळीवर आणून, तिथून वर आणि आजूबाजूला पाहावे. तिथून जेवढे आकाश दिसते, तेवढ्या भागातून किरणे तळावर येतात. डोक्यावर छप्पर आहे पण तिन्ही बाजूंनी आकाश दिसते, अशी जागा नावालाच सावलीची असते. हीच तपासणी हिवाळ्यात पुन्हा करावी, कारण सूर्य कलला की उन्हाळ्यात पूर्ण झाकलेली कूस दुपारभर उन्हात येते.

बंदिस्त खोलीतही एक मेख आहे. खिडकीची साधी काच ३१५ नॅनोमीटरखालची बहुतेक किरणे अडवते, पण त्यापुढच्या किरणांचा मोठा भाग सोडते. नव्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून अतिनील किरणे जवळजवळ येत नाहीत, मात्र निळा प्रकाश येतो, आणि केवलारचे काय होते ते वर आलेच आहे. तेव्हा खोलीत ठेवलेल्या कनूचा एकच पट्टा काळवंडत असेल, तर समोरच्या खिडकीला जाड पडदा लावावा, तेवढ्याने भागते.

झाकण घालताना होणारा दुसरा बिघाड

सावली नाही म्हटल्यावर पहिला हात जातो तो ताडपत्रीकडे. ती कनूवर टाकून, दोरीने करकचून आवळून, वर्षभर विसरून गेले, की पुढच्या वर्षी ऊन न लागताही कनू खराब झालेली निघते. प्लॅस्टिकची ताडपत्री तळाला चिकटून बसली म्हणजे तिच्याखाली वाफ कोंडते, रात्री ती गार होऊन पाणी सुटते, आणि दिवसा उष्ण, रात्री ओले असे चक्र महिनोन्महिने चालते. जेलकोटला फोड येतात, लाकडी काठपट्ट्या काळ्या पडून कुजू लागतात, वेताच्या बैठकांवर बुरशी धरते. दुसरीकडे स्वस्त ताडपत्री स्वतःच उन्हाने काही महिन्यांत विरते. तिच्या कडा कुरकुरीत होतात, हाताला कपटे लागतात आणि तिचे विणकाम उसवून उजेड आत शिरतो. ऊन, उष्णता आणि ओल हे तीन वेगळे शत्रू आहेत, आणि एकाला अडवणारे झाकण उरलेल्या दोघांना सोय करून देत असेल तर ते झाकण नसलेले बरे.

झाकण कनूला टेकलेले नसावे. उपड्या कनूच्या वर, मधोमध एक लांब दांडी किंवा घट्ट ताणलेली दोरी आडवी धरून, त्यावरून कापड तंबूसारखे दोन्ही बाजूंना उतरवावे; तळ आणि कापड यांत किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी हवा राहावी, आणि खालच्या कडा काठपट्टीच्या थोड्या खाली येऊन तिथेच थांबाव्यात, जमिनीपर्यंत जाऊ नयेत, म्हणजे वारा आरपार वाहता राहतो. कापड फिकट रंगाचे, घट्ट विणीचे आणि श्वास घेणारे असावे. धागा बनवतानाच रंग मिसळलेले ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर कॅनव्हास महाग पडते, पण वर्षानुवर्षे टिकते. कापड घेताना ते आकाशासमोर धरून पाहावे. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वीण सैल आहे. कापडावर यूपीएफ ५० (कापड अतिनील किरणे किती अडवते याचा अंक) असे छापलेले असेल, तर त्यातून पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के किरणे आत येतात, असा त्याचा अर्थ आहे.

ओली कनू झाकू नये, ही गोष्ट सांगण्यासारखी नाही; तरीही बुरशीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात असा माझा समज आहे.

उष्णतेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. खोलीच्या तापमानाला सुकवलेली बरीच इपॉक्सी रेझिने ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि गडद रंगाचा पृष्ठभाग भर उन्हात ७० अंशांच्याही वर जाऊ शकतो. अशा वेळी कनूचा भार दोन अरुंद टेकूंवर असेल, तर टेकूच्या जागी कायमची खाच पडते. म्हणून टेकू रुंद, मऊ गादीचे आणि काठपट्टीखाली असावेत, तळाखाली नसावेत. लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शावर दोन्हीकडे एकेक दिला म्हणजे मधला भाग झोळत नाही.

दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. कप्पा २५ अंशांवर बंद केला आणि उन्हात आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. कप्पा बंद करणाऱ्या ३० सेंटिमीटर लांब-रुंद पडद्यावर (आडव्या भिंतीवर) हा जोर जवळजवळ १२५ किलो वजनाइतका होतो. पडदा कडेने सुटण्याचे, हलका पोक येण्याचे कारण पुष्कळदा हेच असते आणि दोष मात्र चिकटवणाऱ्यावर येतो. कप्प्याला झाकण किंवा बूच असेल तर वाहतुकीत आणि साठवणीत ते उघडे ठेवावे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने बंद करावे.

गाडीच्या टपावर

प्रवासात कनू झाकावी का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. काही तासांच्या प्रवासासाठी माझे उत्तर नाही असे आहे. एका दिवसाच्या उन्हाने होणारे नुकसान नगण्य असते, पण वाऱ्याने फडफडणारे कापड आणि त्याखाली अडकलेली धूळ मिळून पातळ लेपावर पॉलिश पेपरसारखे काम करतात, आणि एका लांब प्रवासात जो धुरकट पट्टा उमटतो तो घालवायला अर्धा दिवस जातो. अनेक दिवसांचा प्रवास असेल आणि झाकायचेच असेल, तर मापाने शिवलेले, आतून मऊ अस्तराचे, कुठेही फुगणार नाही असे आवरण वापरावे, आणि ते चढवण्यापूर्वी कनू धुऊन, वाळवून घ्यावी.

खरे नुकसान गाडी चालू असताना होत नाही. ती उभी असताना होते. परतल्यावर कनू उतरवण्याचा कंटाळा येतो, पुढच्या सुटीला पुन्हा जायचेच आहे असे वाटते, आणि कनू तीन-चार आठवडे टपावरच राहते. गाडीचा तापलेला टप खालून, सूर्य वरून, आणि त्यात पट्टे आवळलेले. कनू पोहोचल्याच्या दिवशी उतरवणे एवढा एकच नियम पाळला, तर वाहतुकीतले बहुतेक प्रश्न संपतात. वाटेत दिवसभर थांबायचे असेल, तर पट्टे एक-दोन बोटे सैल करून, तळावर एखादे फिकट सुती कापड टाकून त्याची टोके बांधावीत; गाडी सुरू करण्यापूर्वी कापड काढावे आणि पट्टे पुन्हा आवळावेत. भर दुपारी तापलेल्या तळावर पट्टा पूर्ण जोराने आवळू नये; कनू घसरणार नाही इतपत आवळून पुढची आणि मागची टोके स्वतंत्र दोरीने बांधणे अधिक सुरक्षित असते.

चोपडायची द्रव्ये

मेणाने चकाकी येते आणि पाणी घसरते, पण अतिनील किरणे अडवण्याचे काम ते जवळजवळ करत नाही. ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंटसारखी पाण्यावर आधारित द्रव्ये त्याच कामासाठी बनवलेली असतात आणि ती उपयोगी पडतात. मात्र त्यांचा थर अत्यंत पातळ असतो, पाण्याने आणि घर्षणाने तो निघून जातो, आणि उघड्यावर असलेल्या कनूला तो चार-सहा आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागतो. लावताना तळ स्वच्छ आणि थंड असावा, कनू सावलीत असावी आणि द्रव्य पुसून पूर्ण कोरडे करावे; ओघळ राहिले तर तिथे डाग दिसतात. आतला तळ, बैठका, खांद्यावर उचलायची आडवी दांडी आणि काठपट्टीचा टपावर टेकणारा भाग यांना ते लावू नये, कारण तिथे निसरडेपणा धोक्याचा ठरतो. पुढेमागे व्हार्निश मारायचे मनात असेल, तर सिलिकोन असलेली पॉलिशे कटाक्षाने टाळावीत. सिलिकोनचा अंश राहिलेल्या जागी व्हार्निश धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

झालेले नुकसान भरून काढणे

जेलकोटवर फक्त भुकटी असेल, तर बारीक कंपाउंड एकदाच, हलक्या हाताने मारून वर संरक्षक द्रव्य द्यावे. पारदर्शक पापुद्रा पिठूळ झाला असेल पण धागे उघडे नसतील, तर तळ साबणाच्या पाण्याने धुऊन, ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हाताने फिरवावा. मशीन वापरू नये. पेपर मारल्यावर सर्वत्र सारखा मॅट रंग आला की थांबावे. मध्येच केवलारचे बारीक केस उभे राहू लागले, तर तिथेच हात आवरावा, कारण केवलारचे केस घासून जात नाहीत, उलट अधिक फुलतात. त्या जागी रेझिनचा पातळ हात देऊन, ते कडक झाल्यावर ताठ झालेली टोके तेवढी पेपरने उतरवावीत. त्यानंतर अतिनील किरणे शोषणारे, बोटींसाठी बनवलेले व्हार्निश दोन-तीन पातळ हातांनी द्यावे. खाली ताजे इपॉक्सी असेल तर त्याला पक्के होण्यास साधारण आठवडा द्यावा, आणि वर आलेला मेणचट थर आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन टाकावा. थिनरने पुसल्यास तो केवळ पसरतो. हे काम दुपार कलल्यावर, तापमान उतरत असताना करावे. सकाळी केले तर दिवस तापताना आतली हवा फुगून ओल्या लेपात बुडबुडे येतात.

राखाडी पडलेल्या लाकडी काठपट्ट्यांना पेपर मारून जवसाचे किंवा टंगचे तेल मुरवावे. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून धातूच्या डब्यात बंद करावीत.

कनूकडे लक्ष देताना पट्टे आणि दोऱ्या विसरल्या जातात, आणि धोक्याच्या दृष्टीने त्यांची पाळी खरे तर आधी यायला हवी, कारण विटलेली कनू फार तर वाईट दिसते, पण विरलेला पट्टा भर रस्त्यात तुटतो. पॉलिप्रॉपिलीन उन्हाला फार लवकर हार मानते, नायलॉन त्यापेक्षा बरे आणि पॉलिस्टर सर्वांत टिकाऊ. पट्टा बकलापाशी नेहमी जिथे दुमडतो तिथे बोटांत धरून उलट बाजूला वाकवावा: रंग फिकट, स्पर्श कडक, कडेचे धागे तुटून केसाळ झालेले आणि वाकवताना बारीक धूळ उडाली, तर तो पट्टा कनू बांधण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. रबरी बंजी दोरीने कनू बांधणे उन्हाळ्यात काय, कधीच योग्य नाही.

तक्रार परत येते आहे का, हे हंगाम संपण्यापूर्वी कळण्यासाठी

जागा बदलली, झाकण उंचावले, पट्टे बदलले, तरी उपाय लागू पडला की नाही हे कळण्यासाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही. वर्तमानपत्राचा कोरा समास कापून त्याच्या चार-पाच पट्ट्या कराव्यात, प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावा, आणि त्या तळाच्या माथ्यावर, दोन्ही कुशींवर आणि दोन्ही टोकांना, झाकणाच्या आत, सुतळीने बांधून ठेवाव्यात. वर्तमानपत्राचा कागद उजेडाने लवकर पिवळा पडतो. तीन-चार आठवड्यांनी फॉइल सोडवून दोन्ही अर्धे शेजारी पाहावेत. माथ्यावरची पट्टी पिवळी पडली असेल तर कापड विरळ आहे आणि त्याला दुसरा पदर हवा. एकाच कुशीची पडली असेल तर त्या बाजूची कड आणखी वीतभर खाली आणावी. टोकांच्या पट्ट्या पिवळ्या आणि बाकीच्या पांढऱ्या असतील तर झाकण लांबीला कमी पडते आहे. पट्टी पिवळी न पडता ओलसर, सुरकुतलेली निघाली, तर ऊन अडले आहे पण हवा खेळत नाही, आणि कापड तळापासून आणखी उचलावे लागेल.